उद्याननगरी आणि भूमीचे मूल्य : लेचवर्थच्या इतिहासाचा एक विचार

'उद्याननगरी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्याचा मूळ अर्थ काय हे विचारण्याची आवश्यकता कोणास फारशी भासत नाही. रस्त्याच्या दुतर्फा झाडे, घरापुढे थोडीशी हिरवळ आणि मध्यभागी एखादे सार्वजनिक उद्यान एवढे असले, की त्या वसाहतीस हे नाव देण्यास आपण मोकळे होतो. ज्या ग्रंथातून ही कल्पना प्रथम जगापुढे आली, तो ग्रंथ उघडून पाहिल्यास मात्र वाचकास थोडे आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही. त्यात उद्यानांचे वर्णन थोडे आणि हिशेबाची प्रकरणे पुष्कळ आहेत. जमीन कोणाच्या मालकीची असावी, तिचे भाडे किती यावे, आणि वस्ती वाढल्यामुळे जमिनीस जे अधिक मोल येते ते कोणाच्या पदरात पडावे, हा त्या ग्रंथाचा खरा विषय होय. हा विषय पुढे मागे कसा पडला आणि झाडे व हिरवळ तेवढी पुढे कशी आली, याचा मागोवा इंग्लंडमधील पहिल्या उद्याननगरीच्या, म्हणजे लेचवर्थच्या, इतिहासावरून घेण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

१

एबेनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) हा स्थापत्यविशारद नव्हता, की अर्थशास्त्राचा पंडितही नव्हता. पोटासाठी तो लघुलेखनाचा व्यवसाय करी. वयाच्या एकविसाव्या वर्षी तो अमेरिकेस गेला. नेब्रास्का प्रांतात त्याने शेती करून पाहिली. ती साधली नाही, तेव्हा शिकागो येथे लघुलेखक म्हणून त्याने काही वर्षे काढली. १८७६ साली तो लंडनला परतला आणि पार्लमेंटच्या कामकाजाची टिपणे घेणाऱ्या संस्थेत रुजू झाला. देशातील प्रश्नांवरील वादविवाद शब्दशः उतरून घेण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. प्रश्न तेच, भाषणे तीच आणि निर्णय मात्र नाही, हा अनुभव त्याच्या वाट्यास पुरेपूर आला असला पाहिजे.

त्या काळचा मुख्य प्रश्न खेडी ओस पडण्याचा आणि शहरे फुगण्याचा होता. अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्यामुळे १८७० नंतर इंग्लंडमधील शेती तोट्यात गेली, शेतजमिनीच्या किमती उतरल्या, आणि मजूरवर्ग लंडनकडे लोटला. तिकडे लंडनमध्ये गर्दी वाढली, तसतशी घरभाडी वाढली. मजुरी थोडी अधिक मिळाली तरी ती भाड्यात जाई. एखाद्या भागात रस्ता रुंद झाला, पाणी आले, गटारे झाली, की त्या सुधारणेचा खर्च करदात्यांनी सोसावा आणि लाभ मात्र जमीनमालकाने घ्यावा, असा प्रकार सर्रास चाले. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने १८७९ साली याच अन्यायावर बोट ठेवून जमिनीच्या मूल्यावर एकच कर बसवावा असे प्रतिपादन केले होते. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १७७५ साली, न्यूकॅसल येथील टॉमस स्पेन्स याने प्रत्येक परगण्याची जमीन तेथील रहिवाशांच्या सामाईक मालकीची असावी असा विचार मांडला होता. स्पेन्सचे हे ऋण हॉवर्डने आपल्या ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले आहे.

२

हॉवर्डचा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध झाला. उद्याकडे नेणारा आणि खऱ्या सुधारणेचा शांततामय मार्ग दाखविणारा, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. १९०२ च्या आवृत्तीत ते बदलून 'उद्याच्या उद्याननगरी' अशा अर्थाचे नाव आले. या एका बदलात पुढील सर्व इतिहासाची चाहूल लागते. पहिल्या नावात सुधारणा होती. दुसऱ्यात उद्यान आले.

त्याची योजना थोडक्यात अशी. पडत्या काळात स्वस्त झालेली ६,००० एकर शेतजमीन सरासरी एकरी ४० पौंडांप्रमाणे, म्हणजे २,४०,००० पौंडांस, विकत घ्यावी. हे द्रव्य शेकडा ४ व्याजाने उभारावे. मधल्या १,००० एकरांवर ३०,००० लोकांचे नगर वसवावे. उरलेल्या ५,००० एकरांवर शेती, गोठे, फळबागा असाव्यात आणि तेथे २,००० लोकांनी राहावे. हा शेतीचा पट्टा कधीही बांधकामाखाली येऊ नये. सर्व जमीन विश्वस्तांच्या नावे राहावी. कोणासही ती विकली जाऊ नये, केवळ भाड्याने दिली जावी. या भाड्यातून प्रथम व्याज भागवावे, नंतर मुद्दल फेडण्यासाठी काही रक्कम बाजूस काढावी, आणि उरलेल्या पैशांतून रस्ते, शाळा, उद्याने इत्यादींचा खर्च चालवावा. कर्ज फिटल्यावर सर्वच उत्पन्न नगराचे.

या योजनेचे सामर्थ्य तिच्यातील अंकगणितात आहे. ३०,००० लोकांत वाटला तर जमिनीचा खर्च माणशी ८ पौंड पडतो, आणि व्याजाचा वार्षिक भार साडेसहा शिलिंगांहूनही थोडा कमी. लंडनमधील जमीनमालकास जे द्यावे लागे, त्याच्या मानाने ही रक्कम नगण्य होती. उघड्या रानात ३०,००० माणसे राहावयास आली म्हणजे त्या रानाचे मोल वाढणारच. ते त्या माणसांच्या येण्यामुळे वाढते, म्हणून ते त्यांच्याच सामाईक कोशात जावे, हे हॉवर्डचे म्हणणे. मध्यवर्ती उद्यान, ४२० फूट रुंदीचा वर्तुळाकार राजमार्ग, दुकानांची काचेची वीथी, बाहेरच्या कडेस कारखाने, हे सर्व त्या ग्रंथात आहे; परंतु त्या सर्वांचा खर्च निघतो तो या मूल्यवृद्धीतून. वर्तुळाकार आकृत्या केवळ दिग्दर्शनासाठी असून खरा आराखडा जागा पाहून करावा, असा इशाराही लेखकाने स्वतः दिला होता.

३

१८९९ साली उद्याननगरी मंडळाची स्थापना झाली आणि १९०३ साली लंडनच्या उत्तरेस सुमारे ३५ मैलांवर, हर्टफर्डशायर परगण्यात, लेचवर्थ येथील जमीन निश्चित झाली. पंधरा निरनिराळ्या मालकांशी गुप्तपणे बोलणी करून ३,८१८ एकरांचा सलग प्रदेश १,५५,५८७ पौंडांस मिळविण्यात आला. हा दर एकरी ४१ पौंडांच्या आत बसतो, म्हणजे पाच वर्षांपूर्वी हॉवर्डने कागदावर मांडलेला आकडा जवळजवळ तंतोतंत खरा ठरला. व्यवहाराची वाच्यता न करण्याचे कारण उघड आहे. नगर होणार असे कळते, तर भाव त्याच दिवशी चढते. जी मूल्यवृद्धी नगरासाठी राखावयाची होती, ती मूळ मालकांच्या हाती जाऊ न देणे हा या गुप्ततेचा हेतू होता. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा वळावे लागणार आहे.

ज्या कंपनीने ही जमीन घेतली, तिच्या नियमांत भागधारकांचा लाभांश शेकडा ५ हून अधिक नसावा अशी अट होती. वरचे सर्व उत्पन्न नगराच्या हितासाठी खर्च व्हावयाचे होते. परंतु येथेच मूळ योजनेस पहिली मुरड पडली. हॉवर्डच्या कल्पनेतील विश्वस्तमंडळ रहिवाशांना जबाबदार असे होते. प्रत्यक्षात जमिनीची मालकी भागधारकांच्या कंपनीकडे आली, कारण भांडवल देणारे लोक त्याच अटीवर पैसा देण्यास तयार होते.

दुसरी मुरड अधिक खोल होती. जमिनीचे मोल वाढेल तसतसे भाडे ठराविक मुदतीने नव्याने आकारले जावे, हे हॉवर्डच्या मांडणीचे मर्म होते. तसे न केल्यास वाढीचा लाभ नगरास न मिळता भाडेकरूस मिळणार. परंतु भाडे पुढे किती होईल हे ठाऊक नसता कारखाना उभारण्यास कारखानदार राजी होईनात, आणि घर बांधणारेही कचरू लागले. अखेर ९९ वर्षांचा, ठराविक भाड्याचा, नेहमीचाच भाडेपट्टा देण्याची मोकळीक कंपनीस ठेवावी लागली आणि बहुतेकांनी तोच पसंत केला. या तडजोडीबद्दल संचालकांस दोष देणे सोपे आहे. तथापि नगर वसलेच नसते तर मूल्यवृद्धी कशाची वाटावयाची होती, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

४

नगराचा आराखडा बॅरी पार्कर व रेमंड अन्विन या दोघा स्थापत्यविशारदांनी १९०४ साली केला. त्यांनी हॉवर्डची वर्तुळे बाजूस ठेवली आणि जमिनीचा उतार, जुने वृक्ष व लोहमार्ग पाहून रस्ते आखले. कारखाने एका बाजूस एकत्र आले. १९०५ साली स्वस्त घरांचे प्रदर्शन भरले. दीडशे पौंडांत मजुराचे घर बांधून दाखवावे अशी त्यातील स्पर्धा होती. डेंट या प्रकाशकाचा छापखाना व स्त्रियांची वस्त्रे करणारा स्पिरेला कारखाना यांसारखे उद्योग पुढील काही वर्षांत आले. तरीही अकुशल मजुरास नव्या घराचे भाडे झेपेना. जवळच्या हिचिन व बाल्डॉक या जुन्या गावांत राहून कामापुरते लेचवर्थला येणारे लोक पुष्कळ होते. ज्यांच्यासाठी नगर योजिले, त्यांतील सर्वांत गरीब माणूस वेशीबाहेर राहिला, हे येथे नमूद केले पाहिजे.

अन्विनच्या कामाचा प्रभाव मात्र नगराच्या सीमेपलीकडे फार दूरवर पोहोचला. १९०७ साली लंडनच्या कडेस हॅम्पस्टेड येथे त्याने उद्यान-उपनगर आखले. त्यात कारखाने नव्हते, शेतीचा पट्टा नव्हता. होती ती केवळ सुंदर वसाहत. १९१२ साली एका पुस्तिकेत त्याने दाट घरे बांधण्यात खरा फायदा नसतो असे सिद्ध करण्याचा यत्न केला आणि एकरी बारा घरांचे प्रमाण पुढे मांडले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ट्यूडर वॉल्टर्स समितीने ते प्रमाण उचलून धरले, आणि १९१९ च्या कायद्यानंतर नगरपालिकांनी बांधलेल्या असंख्य घरांस तोच नमुना लागू झाला. लाखो कुटुंबांस त्यामुळे प्रथमच उजेड, वारा व परसदार लाभले, हे उपकार लहान नव्हेत. परंतु या प्रवासात रूप तेवढे पुढे गेले. भूमीच्या सामाईक स्वामित्वाचा विचार मागेच राहिला. रूपाचे अनुकरण सोपे असते, कारण त्यासाठी कोणाचे उत्पन्न हिरावून घ्यावे लागत नाही.

५

मागे राहिलेला तो विचार लेचवर्थमध्ये मात्र अनपेक्षित रीतीने पुन्हा वर आला. १९६० साली एका खाजगी कंपनीने भाग खरेदी करून मूळ कंपनीवर ताबा मिळविण्यास आरंभ केला. साठ वर्षांच्या वस्तीमुळे जमिनीचे मोल कितीतरी पटींनी वाढले होते. ते भागांच्या किमतीत उतरले नव्हते, आणि हाच फरक नव्या मालकांस हवा होता. हॉवर्डने ज्या मूल्यवृद्धीचे गणित मांडले, ते किती खरे होते याचा याहून बोलका पुरावा कोणता? रहिवासी व स्थानिक कौन्सिल यांनी विरोध केला, प्रकरण पार्लमेंटपुढे गेले, आणि १९६२ च्या खास कायद्याने १ जानेवारी १९६३ पासून ही मालमत्ता एका सार्वजनिक महामंडळाकडे आली. १९९५ साली तिची जागा एका न्यासाने घेतली. १९६७ च्या भाडेपट्टा-सुधारणा कायद्यामुळे अनेक घरांखालील जमिनी रहिवाशांच्या वैयक्तिक मालकीच्या झाल्या. उरलेल्या मालमत्तेचे उत्पन्न हा न्यास गावातच खर्च करतो. २०११ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या ३३ हजारांच्या आसपास भरली. हॉवर्डने ३२ हजार धरली होती.

६

आपल्या प्रांताशी या इतिहासाचा संबंध दोन ठिकाणी येतो. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा ब्रिटनच्या १९०९ च्या कायद्यानंतरच्या काळातील. त्यात योजनेमुळे भूखंडास येणाऱ्या मूल्यवृद्धीपैकी निम्म्यापर्यंतचा अंश सुधारणेच्या खर्चासाठी मालकाकडून घेण्याची तरतूद होती. म्हणजे वाढीव मोल हे सर्वस्वी मालकाचे नाही, हे तत्त्व अंशतः का होईना मान्य झाले.

दुसरे उदाहरण नवी मुंबईचे. मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या परिसरात हे नगर उभारावयास घेतले. सरकारने जमीन संपादन करावयाची, ती विकसित करून भाडेपट्ट्याने द्यावयाची, आणि त्या उत्पन्नातून रस्ते, पाणी व अन्य सोयी उभ्या करावयाच्या, अशी ही योजना. लेचवर्थचे अनुकरण म्हणून ती झाली असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु तिचा आर्थिक पाया हॉवर्डच्याच जातीचा आहे, हे सहज ध्यानात येते.

येथे मात्र एक प्रश्न उठला, जो लेचवर्थमध्ये उठला नव्हता. तेथील पंधरा मालकांनी बाजारभावाने आणि राजीखुशीने जमिनी विकल्या. येथे जमिनी सक्तीने घेतल्या गेल्या, आणि ज्यांच्या गेल्या ते शेतकरी तिच्यावरच जगत होते. वाढीव मोल समाजाचे हे खरे. पण मग त्या समाजात आम्ही नाही काय, असे त्यांनी विचारले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच माणसे प्राणास मुकली. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यांस देण्याचे तत्त्व शासनास मान्य करावे लागले.

हॉवर्डच्या हिशेबात मूळ भूधारक एकदा किंमत घेऊन निघून जातो आणि पुन्हा कोठे दिसत नाही. नगराच्या वाढीत त्याचाही वाटा असावा, ही भर त्या हिशेबात रायगड-ठाण्याच्या शेतकऱ्यांनी घातली, आणि तीसाठी जबर किंमत मोजली. उद्याननगरीच्या तत्त्वांची चर्चा करताना झाडांची संख्या आणि रस्त्यांची रुंदी यांची गणना अवश्य करावी. परंतु त्यापूर्वी त्या जमिनीचे वाढलेले मोल कोणाच्या खात्यावर जमा होते, हे पाहिले पाहिजे. हॉवर्डने आपल्या ग्रंथाची पाने ज्यासाठी खर्ची घातली, तो प्रश्न हाच होता.