मुलांना घरकाम सांगावं का? ‘हार्वर्डच्या संशोधना’त नेमकं काय आहे आणि घरात सुरुवात कुठून करायची?

“लहानपणी घरकाम करणारी मुलं मोठेपणी यशस्वी होतात, हार्वर्डच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष!” असं लिहिलेली पोस्ट किंवा रील तुमच्यापर्यंत कधी ना कधी पोहोचली असेलच. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी ती टाकतं, दोनचार अंगठे येतात आणि घराघरांत तोच संवाद पुन्हा सुरू होतो. “किती वेळा सांगू, ताट उचल म्हणून?” “हो गं आई, पाच मिनिटं.”

पण हार्वर्डच्या संशोधनात खरंच असं म्हटलंय का? घरकाम केल्याने मूल जबाबदार होतं का? आणि होत असेल, तर रोज सांगूनही आपल्या घरात ते का होत नाही? एकेक करून पाहू.

हार्वर्डच्या संशोधनात नेमकं काय आहे?

हार्वर्ड विद्यापीठाचा हा अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. सुरुवातीला त्यात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी होते. पुढे त्याला बोस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या ४५६ मुलांचा दुसरा एक अभ्यास जोडला गेला. घरकामाचा मुद्दा येतो तो या दुसऱ्या गटातून.

मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट आणि कॅरोलिन व्हेलंट यांनी १९८१ मध्ये या ४५६ जणांवर एक शोधनिबंध लिहिला. चौदा वर्षांच्या आसपास ही मुलं किती कामसू होती, याला त्यांनी गुण दिले. ते गुण फक्त घरकामाचे नव्हते. शाळेबाहेरची छोटी नोकरी, शाळेतले इतर उपक्रम, बुद्धीच्या मानाने अभ्यासातली प्रगती आणि अडचणीतून वाट काढण्याची क्षमता हे सगळं त्यात धरलं होतं. ज्यांना जास्त गुण होते, त्यांचं सत्तेचाळिसाव्या वर्षी मानसिक आरोग्य आणि नातेसंबंध तुलनेने चांगले दिसले.

म्हणजे घरकाम हा त्या हिशेबातला एक भाग होता. शिवाय या अभ्यासात सगळे मुलगे होते, एकही मुलगी नव्हती. ज्युली लिथकॉट-हेम्स या अमेरिकन लेखिकेचं २०१५ मधलं पुस्तक आणि त्यानंतरचं टेड भाषण यांमुळे घरकामाची गोष्ट जगभर पोहोचली आणि पोस्ट फिरता फिरता बाकीचे मुद्दे गळून पडले.

थोडक्यात, पोस्ट पूर्ण खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही.

मग घरकामाचा फायदा होतो की नाही?

याचे इतर पुरावे आहेत. अमेरिकेत सुमारे १० हजार मुलांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयात जी मुलं घरात नियमित कामं करत होती, ती तिसरीत गेल्यावर ‘मला हे जमतं’ असं जास्त म्हणत होती. त्यांचं इतर मुलांशी वागणंही जास्त समजुतीचं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या २०२२ च्या एका अभ्यासात ५ ते १३ वर्षांच्या मुलांच्या २०७ पालकांकडून माहिती घेतली गेली. स्वतःचं आणि घराचं काम करणाऱ्या मुलांमध्ये सूचना लक्षात ठेवणं आणि विचार करून कृती करणं या दोन क्षमता जास्त आढळल्या.

इथे एक सावधगिरी हवी. अशा अभ्यासांतून दोन गोष्टी सोबत दिसतात, पण एकीमुळेच दुसरी घडली हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात मुलाला काम दिलं जातं, त्या घरात त्याच्याशी बोलणंही जास्त होत असेल. म्हणून ‘भांडी घासा, आयएएस व्हा’ असा अर्थ कुणी काढू नये. मात्र कामामुळे ‘मला जमतं’ ही भावना बळावते, असं मानायला जागा आहे.

दीड वर्षाचं मूल मदत करतं, मग दहा वर्षांचं का नाही?

फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये १८ महिन्यांच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. मोठ्या माणसाच्या हातून कपड्याचा चिमटा पडायचा, किंवा हातात गठ्ठा असल्याने त्याला कपाटाचं दार उघडता यायचं नाही. कुणी काही मागितलं नाही, बक्षीस दिलं नाही, तरी बहुतेक बाळं एकदा तरी उठून मदतीला गेली.

म्हणजे मदत करायची इच्छा मुलात आधीपासूनच असते. आपल्या घरातही हे दिसतं. दोन वर्षांचं पोर झाडू ओढतं, पोळपाटाशी येऊन कणकेचा गोळा मागतं, बादलीतल्या पाण्यात हात घालतं. तेव्हा आपण काय म्हणतो? “तू नको मध्ये येऊ, जा खेळ.” कारण आपल्याला घाई असते आणि त्याच्या मदतीने काम दुप्पट वाढतं.

सात-आठ वर्षं हे ऐकल्यावर मूल एक गोष्ट पक्की शिकतं, ती म्हणजे घरातलं काम माझं नाही. मग दहाव्या वर्षी आपण अचानक म्हणतो, “एवढा मोठा झालास, साधं ताट उचलता येत नाही?”

मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात झालेल्या एका अभ्यासात हाच फरक दिसला. मूळनिवासी परंपरेतल्या घरांमध्ये लहान मुलांना मोठ्यांच्या कामात पहिल्यापासून सामावून घेतलं जातं. तिथली बरीच मुलं न सांगता घरचं काम उचलत होती. जास्त शिकलेल्या शहरी घरांमध्ये मात्र मुलांची कामं मोठ्यांनी ठरवून दिलेली होती आणि आपणहून पुढे होणारी मुलं कमी होती.

आपल्याकडे हा विचार नवा नाही

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे मुलं पाणी ओतायची, बटणं लावायची, झाडायची, टेबल मांडायची. त्यासाठी मुलांच्या मापाचं सामान होतं आणि भांडी खरी, फुटणारी होती. भांडं पडलं की चूक कुठे झाली, ते मुलाला आपोआप कळतं, असा त्यामागचा विचार होता. १९३९ मध्ये मॉन्टेसरी भारतात आल्या आणि त्यांनी इथल्या शिक्षकांना प्रशिक्षण दिलं.

महाराष्ट्रात त्याआधीच ताराबाई मोडक बालशिक्षणाच्या कामाला लागल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी इथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडला नेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया अशा गावातच मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. अंगाची आणि परिसराची स्वच्छता हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता. १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींनी मांडलेल्या ‘नई तालीम’मध्येही हाताने केलेलं काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी होतं.

‘मदत’ आणि ‘जबाबदारी’ यात फरक काय?

बहुतेक घरांचं गाडं इथेच अडतं. “जरा बाटल्या भर रे” असं सांगितल्यावर मुलाने बाटल्या भरल्या, तर ती मदत झाली. बाटल्या भरायच्या आहेत हे अजूनही आईच्याच डोक्यात आहे. मुलगा फक्त हात चालवतो.

जबाबदारीचे तीन भाग असतात: काम लक्षात ठेवणं, ते करणं आणि राहून गेलं तर त्याचा त्रास सोसणं. तीनही भाग मुलाकडे गेले, तरच काम त्याचं होतं. आपण मधला भाग देतो आणि पहिला-तिसरा स्वतःकडे ठेवतो.

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचंच पाहा. रात्री साडेनऊला कुणीतरी विचारतं, “उद्या क्राफ्टला काय आणायचंय?” लगेच पाच उत्तरं येतात आणि एखादे बाबा गाडी काढून कार्डपेपर आणायला जातात. यात वहीत लिहून आणण्याची गरज मुलाला पडलीच नाही. त्याच्या वतीने आईबाबा लक्षात ठेवतायत, विसरतायत आणि धावतायत.

विसरलेला डबा किंवा वही घेऊन दर वेळी शाळेच्या फाटकापर्यंत धावलो, तर तिसरा भागही आपणच उचलतो. लहान, निरुपद्रवी चुकांचा त्रास मुलाला होऊ द्यावा. चित्रकलेची वही राहिली, तर फार तर बाई बोलतील. चष्मा किंवा औषध राहिलं असेल, तर अर्थातच पोहोचवावं. मुलाला धडा मिळावा म्हणून त्याच्या तब्येतीशी खेळ नको.

कोणत्या वयात काय सोपवता येईल?

प्रत्येक मूल वेगळं असतं, त्यामुळे ही यादी नियम नाही, अंदाज आहे.

- २ ते ३ वर्षं: खेळणी टोपलीत टाकणं, चपला जागेवर ठेवणं, मळलेले कपडे बादलीत टाकणं, सांडलेलं पाणी फडक्याने पुसणं.
- ४ ते ५ वर्षं: मटार सोलणं, जेवायला ताटं-वाट्या मांडणं, रुमाल आणि मोज्यांच्या घड्या, कुंड्यांना पाणी.
- ६ ते ८ वर्षं: स्वतःचं दप्तर भरणं, शाळेतून आल्यावर डबा रिकामा करून सिंकमध्ये ठेवणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, पोळीला तूप लावणं, अंथरुणाची घडी.
- ९ ते ११ वर्षं: लसूण सोलणं, काकडी चिरणं (सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहून), गाद्या घालणं, जवळच्या दुकानातून सामान आणून हिशेब देणं. या कामासाठी यूपीआयपेक्षा रोख पैसे बरे. किती दिले, किती परत आले, हे मुलाला हातात दिसतं.
- १२ च्या पुढे: कुकर लावणं, वरणभात किंवा पोहे करणं, वॉशिंग मशीन लावणं, धाकट्या भावंडाचा अभ्यास पाहणं, स्वतःच्या क्लासच्या वेळा सांभाळणं.

गॅस, कुकर, मिक्सर, इस्त्री यांच्याजवळ सुरुवातीला मोठ्यांनी थांबायलाच हवं.

आणखी एक सोपी गोष्ट म्हणजे घराची उंची तपासा. मुलाची प्लेट सगळ्यात वरच्या फळीवर असेल, टॉवेलचा हूक त्याच्या हाताला लागत नसेल, तर ते तुम्हाला हाक मारणारच. खालची एक फळी, खालचा एक हूक आणि बेसिनपाशी एक स्टूल एवढ्यानेही बऱ्याच हाका कमी होतात.

कामाचे पैसे द्यावेत का?

रोजच्या कामाचे देऊ नयेत, असंच संशोधन सुचवतं. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या बाळांवर आणखी एक प्रयोग केला. ज्यांना मदतीबद्दल वस्तू मिळाली, ती बाळं पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. ज्यांचं नुसतं कौतुक झालं किंवा ज्यांना काहीच मिळालं नाही, ती मात्र मदत करत राहिली.

ताट उचलायचे पाच रुपये ठरले, की एक दिवस “आज मला पैसे नकोत” असं उत्तर येणार आणि त्यावर तुमच्याकडे बोलायला काही उरणार नाही. पैशाचा व्यवहार शिकवण्यासाठी खाऊचे पैसे जरूर द्या, पण ते कामाशी बांधू नका. कौतुकही नेमकं असावं. “शहाणं बाळ माझं” याऐवजी “तू बाटल्या भरल्यास म्हणून मला सकाळी दहा मिनिटं मिळाली” असं म्हटलं, की कामाचा उपयोग मुलाला कळतो.

आणि हे कुणाला सांगायचं, मुलाला की मुलीला?

ही यादी वाचताना तुमच्या डोळ्यासमोर कोण आलं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार, ६ वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के आहे. घरकाम करणाऱ्यांमध्येही स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, तर पुरुषांचा ९७ मिनिटं भरतो.

हा फरक लग्नानंतर एका रात्रीत तयार होत नाही. पाहुणे आले की “ताई, पाणी आण गं” आणि “दादाला अभ्यास करू दे” इथूनच तो सुरू होतो. म्हणून कामं मुलगा-मुलगी पाहून न वाटता वय पाहून वाटा आणि दर महिन्याला बदला. त्यासोबत मुलं काय पाहतात, हेही महत्त्वाचं. बाबांचं ताट आई उचलत असेल, तर मुलाला दिलेलं व्याख्यान वाया जाणार.

किती काम म्हणजे जास्त?

काही घरांमध्ये प्रश्न उलटा असतो. तिथे मुलांवर, विशेषतः मोठ्या मुलीवर, इतकं काम असतं की शाळा बुडते. त्याला जबाबदारीचे संस्कार म्हणता येणार नाही. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदतीची मुभा आहे, पण तीही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच. घरातही तोच मापदंड लावावा. अभ्यास, खेळ आणि झोप यांना धक्का लागत असेल, तर काम जास्त झालं.

सुरुवात कशी करायची?

एकदम दहा कामांचा तक्ता फ्रिजवर लावू नका, तो आठवड्याभरात वर्तमानपत्राखाली जातो. एकच काम निवडा. ते खरं असावं, म्हणजे न झाल्यास घराचं थोडं तरी अडावं. कोणतं, हे मुलाला दोन-तीन पर्यायांतून निवडू द्या. एकदा करून दाखवा, दोनदा सोबत करा, मग बाजूला व्हा.

त्यानंतरचं काम मोठ्यांचं आहे आणि ते जास्त अवघड आहे. घडी वाकडी असेल, ती पुन्हा घालू नका. बाटल्या भरायच्या राहिल्या, तर लगेच उठू नका. जेवताना पाणी नाही, हे सगळ्यांनाच कळेल. टोमणे न मारता “आज पाण्याचं कुणाकडे होतं?” एवढं विचारलं तरी पुरतं. पहिले पंधरा दिवस वेळ जास्त जाईल, पसारा होईल, आजी म्हणेल, “कशाला लेकराला कामाला लावलंय?” तेव्हा आजीलाही सांगा, की याला उद्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहायचंय, तेव्हा आपण तिथे नसू.