ब्राझीलमधील राज्यरचना आणि राज्यनामांची साक्ष

प्रांत आणि भाषा यांचा संबंध आपल्याकडे इतका निकटचा मानला जातो की, एखाद्या देशाचा राजकीय नकाशा पाहताच त्यातील प्रत्येक रेषेमागे भाषेची सीमा असेल, असे आपण सहज गृहीत धरतो. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील ह्या देशाचा नकाशा ह्या गृहीताला छेद देतो. तेथे आज २६ राज्ये आणि १ संघीय जिल्हा आहे. शासनव्यवहाराची आणि बहुसंख्य जनतेची भाषा सर्वत्र पोर्तुगीजच आहे. मग ह्या २६ राज्यांच्या सीमा कशा ठरल्या? आणि एकभाषी म्हणविणाऱ्या ह्या देशातील राज्यांची नावे इतक्या मोठ्या संख्येने अपोर्तुगीज का आहेत? हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसतात. परंतु दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या उत्तरातून निघते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ब्राझीलच्या विभागणीचा प्रारंभ तेथील भूमीवर झाला नाही. इ. स. १४९४ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तोर्देसिल्यासच्या तहाने केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवरून एक उभी रेषा कल्पिली आणि तिच्या पूर्वेकडील अज्ञात प्रदेश पोर्तुगालकडे सोपविला. काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला तो त्यानंतर, २२ एप्रिल १५०० रोजी. म्हणजे भूमी दिसण्यापूर्वीच तिची वाटणी होऊन गेली होती. इ. स. १५३४ पासून राजा तिसरा जॉन याने हा किनारा १५ पट्ट्यांत विभागून १२ मर्जीतल्या सरदारांना वंशपरंपरेने दिला. ह्या पट्ट्यांना ‘कापितानिया’ असे नाव होते. किनाऱ्यावरील रुंदी लीगांत मोजून द्यावयाची आणि आतील भूमी पश्चिमेकडे तोर्देसिल्यासच्या रेषेपर्यंत कल्पावयाची, अशी ही पद्धत होती. शालेय नकाशांत हे सर्व पट्टे पूर्व-पश्चिम समांतर दाखविले जातात. इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र मूळ दानपत्रांच्या आधारे, उत्तरेकडील काही पट्टे दक्षिणोत्तर रेषांनी विभागलेले असावेत, असे मत मांडण्यात आले आहे. रेषा आडव्या असोत वा उभ्या, त्या आखणाऱ्यांना त्या भूमीवरील लोकांची व भाषांची माहिती नव्हती, ही गोष्ट दोन्ही पक्षी सारखीच खरी राहते.

ह्या कापितानियांपैकी भरभराटीस आल्या त्या मुख्यतः दोनच : उत्तरेस दुआर्ते कोएल्योची पेर्नांबुको आणि दक्षिणेस मार्तिम आफोन्सो द सोझाची साओ व्हिसेंते. ह्यांतील दुसरे नाव गोव्याच्या इतिहासाच्या वाचकांस परिचयाचे असेल. इ. स. १५३२ मध्ये साओ व्हिसेंतेची वसाहत स्थापन करणारा हाच गृहस्थ इ. स. १५४२ ते १५४५ पर्यंत गोव्यास पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता आणि सेंट फ्रान्सिस झेव्हिअर त्याच्याच आरमारातून गोव्यास आला. दोन खंडांतील दोन किनारे एकाच राज्ययंत्राखाली कसे होते, याचे हे बोलके उदाहरण होय. त्याचे महत्त्व पुढे भाषाविषयक धोरणाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होईल.

दुआर्ते कोएल्योच्या दानपत्रात त्याला ६० लीगांचा किनारा मिळाला होता आणि त्याची दक्षिण सीमा साओ फ्रान्सिस्को नदी ही होती. आज त्या नदीचे मुखाकडील पात्र आलागोआस आणि सेर्जिपे ह्या दोन राज्यांमधील सीमा आहे. सोळाव्या शतकातील दानाची एक कड विसाव्या-एकविसाव्या शतकातील राज्याची कड होऊन टिकली आहे.

किनाऱ्यावरील सीमा दानपत्रांनी दिल्या, तर अंतर्भागातील सीमा सोन्याने दिल्या. सतराव्या शतकात साओ पाउलोहून ‘बांदेरांते’ नावाच्या टोळ्या गुलाम आणि खनिजे यांच्या शोधार्थ अंतर्भागात घुसू लागल्या. त्या शतकाच्या अखेरीस सोने सापडताच त्यावरील कराच्या वसुलीसाठी नवे शासकीय विभाग आवश्यक ठरले. इ. स. १७०९ मध्ये साओ पाउलो व खाणींचा प्रदेश मिळून एक कापितानिया झाली, इ. स. १७२० मध्ये मिनास जेराइस तिच्यातून वेगळी निघाली, इ. स. १७४८ मध्ये गोयास आणि मातो ग्रोसो यांची स्थापना झाली. तोर्देसिल्यासची रेषा तोवर मागे पडली होती. इ. स. १७५० च्या माद्रिदच्या तहाने प्रत्यक्ष ताबा हेच स्वामित्वाचे प्रमाण ठरले.

इ. स. १८२२ मधील स्वातंत्र्याच्या सुमारास ह्याच विभागांचे ‘प्रांत’ झाले. ह्या काळात प्रांतांच्या सीमा शिक्षेचे साधन म्हणूनही वापरल्या गेल्या. इ. स. १८१७ मध्ये पेर्नांबुकोत बंड झाले; त्याच वर्षी आलागोआसचा प्रदेश त्यातून तोडण्यात आला. इ. स. १८२४ मध्ये पुन्हा बंड झाले, तेव्हा साओ फ्रान्सिस्को नदीच्या पश्चिमेचा विस्तीर्ण मुलूख काढून घेण्यात आला आणि इ. स. १८२७ मध्ये तो बाहियाकडे गेला. आजही तो बाहियातच आहे. पुढे इ. स. १८५० मध्ये आमाझोनास आणि १८५३ मध्ये पाराना हे प्रांत निर्माण झाले. १५ नोव्हेंबर १८८९ रोजी राजेशाही संपून प्रजासत्ताक आले, तेव्हा असलेले २० प्रांत जसेच्या तसे २० राज्ये झाली. राज्य हा शब्द नवा होता; भूमीवरील रेषा जुन्याच होत्या.

ह्या राज्यांचा अभिमान केंद्रास किती सलत असे, हे इ. स. १९३७ च्या नोव्हेंबरात दिसून आले. हुकूमशाही संविधान लादल्यावर राष्ट्राध्यक्ष व्हार्गास यांच्या उपस्थितीत रिओ दी जानेरो येथे राज्यांचे ध्वज समारंभपूर्वक जाळण्यात आले. इ. स. १९४३ मध्ये सीमाभागांत केंद्रशासित प्रदेश निर्माण झाले. त्यांपैकी दोन इ. स. १९४६ मध्ये रद्द झाले. उरलेल्यांतून कालांतराने रोंडोनिया, रोराइमा आणि आमापा ही राज्ये आली. बोलिव्हियाकडून इ. स. १९०३ च्या तहाने मिळालेले आक्रे इ. स. १९६२ मध्ये राज्य झाले. २१ एप्रिल १९६० रोजी राजधानी ब्राझिलिया येथे गेली. रिओ शहराचे त्या वेळी केलेले ग्वानाबारा हे राज्य इ. स. १९७५ मध्ये शेजारच्या राज्यात विलीन झाले. मातो ग्रोसोचे विभाजन इ. स. १९७७ च्या कायद्याने झाले. आणि ५ ऑक्टोबर १९८८ च्या संविधानाने गोयासच्या उत्तर भागाचे तोकांतिस हे राज्य केले. अशा रीतीने २६ ही संख्या सिद्ध झाली.

राज्यांप्रमाणेच ‘प्रदेश’ ह्या संज्ञेचाही निर्देश केला पाहिजे. कारण दोहोंत अनेकदा घोटाळा होतो. उत्तर, ईशान्य, आग्नेय, दक्षिण आणि मध्य-पश्चिम हे पाच प्रदेश भूगोल व सांख्यिकीच्या राष्ट्रीय संस्थेने सांख्यिकी व नियोजन यांसाठी केलेले राज्यांचे गट आहेत. त्यांना विधिमंडळ नाही, शासन नाही. इ. स. १९४० नंतरच्या दशकातील विभागणीत साओ पाउलो दक्षिणेत आणि बाहिया पूर्वेत मोजले जाई. आजची मांडणी इ. स. १९७० च्या सुमाराची आहे. तथापि हे प्रदेश केवळ कागदावरचे राहिले नाहीत. ‘ईशान्य’ हे नाव दुष्काळाशी, विशेषतः इ. स. १८७७ ते १८७९ च्या भीषण दुष्काळाच्या स्मृतीशी जडले आहे. इ. स. १९५९ मध्ये सेल्सो फुर्तादो यांच्या नेतृत्वाखाली त्याच्या विकासासाठी स्वतंत्र संस्था निघाली, तेव्हा तिच्या कार्यक्षेत्रात मिनास जेराइसचा उत्तर भागही घेतला गेला. दुष्काळ राज्यांच्या सीमा पाळत नाही, हे त्यामागील साधे कारण होय.

ह्या संपूर्ण इतिहासात भाषा हे सीमेचे कारण म्हणून कोठेही आढळत नाही. दानपत्र, सोने, कर, शिक्षा, सीमारक्षण ही कारणे आढळतात. परंतु भाषा राज्यांच्या नावांत आहे. मिनास जेराइस, एस्पिरितो सांतो, सांता कातारिना ही नावे पोर्तुगीज आहेत. उलट पारा म्हणजे समुद्र किंवा समुद्रासारखी नदी, पाराना म्हणजे समुद्रतुल्य, पाराइबा म्हणजे वाईट नदी, सेर्जिपे म्हणजे खेकड्यांच्या नदीत, अशी ह्या नावांची व्युत्पत्ती सामान्यतः तूपी भाषेतून दिली जाते.

ह्यावरून, जेथे तूपी नाव तेथे पूर्वी तूपी लोक राहत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; आणि तो चुकीचा आहे. तेओदोरो साम्पायो यांनी इ. स. १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे दाखविले की, अंतर्भागातील पुष्कळशी तूपी नावे तेथील रहिवाशांनी दिलेली नसून बांदेरांतेंनी दिलेली आहेत. साओ पाउलोच्या ह्या टोळ्यांची व्यवहाराची बोली पोर्तुगीज नव्हती. तूपीपासून बनलेली ‘लिंग्वा जेराल’, म्हणजे सामान्य भाषा, ही होती. गोयास व मिनास जेराइस यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे पारानाइबा हे नाव तूपी आहे; परंतु तो मुलूख दक्षिणेकडील कायापो लोकांचा होता आणि त्यांची भाषा सर्वस्वी भिन्न अशा झे कुलातील होती. ते लोक त्या नदीस काय म्हणत, ते नकाशावर उरलेले नाही. स्थलनाम हे रहिवाशांची नव्हे, तर नाव लिहून घेणाऱ्याची भाषा सांगते, हा स्थलनामाभ्यासातील इशारा येथे मूर्तिमंत दिसतो.

लिंग्वा जेरालला हे सामर्थ्य आले त्यात जेझुइट मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. आंशिएता याचे किनाऱ्यावरील भाषेचे व्याकरण इ. स. १५९५ मध्ये कोइंब्रा येथे छापले गेले. त्याच संघाच्या फादर स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण इ. स. १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. आणि दोन्हीकडे पुढे राज्यसत्तेने तोच मार्ग धरला. गोव्यात इ. स. १६८४ च्या फर्मानाने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची आज्ञा झाली. ब्राझीलमध्ये पोंबालच्या कारकीर्दीत इ. स. १७५७ च्या निर्देशपत्राने मूलवासीयांच्या वस्त्यांत पोर्तुगीज सक्तीची झाली. गोव्यात कोकणी तगली. ब्राझीलमध्ये लिंग्वा जेराल आमाझॉनच्या खोऱ्यात मागे हटली. तेथील गावांची नावेही बदलण्यात आली. तापाजोस येथील मिशनच्या वस्तीचे इ. स. १७५८ मध्ये सांतारेंग झाले. हे नाव पोर्तुगालमधील एका नगराचे आहे.

ह्या बदलाचा एक उत्तरार्ध आहे. ११ डिसेंबर २०११ रोजी पारा राज्याच्या त्रिभाजनासाठी सार्वमत घेण्यात आले. प्रस्तावित दोन नव्या राज्यांपैकी एकाचे नाव तापाजोस असे होते आणि त्याची राजधानी सांतारेंग येथेच व्हावयाची होती. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. मागणी मुख्यतः बेलेंगच्या दूरत्वाची व निधीची होती, भाषेची नव्हे. तरीही सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी पुसलेले नाव नव्या राज्यासाठी पुढे यावे, हे लक्षणीय आहे.

इ. स. २०१० च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये २७४ मूलवासी भाषांची नोंद झाली. त्यांपैकी एकीच्याही आधारावर राज्य उभे नाही. मान्यता मिळाली ती प्रथम खालच्या पातळीवर : आमाझोनास राज्यातील साओ गाब्रिएल दा काशोएरा ह्या नगरपालिका-क्षेत्राने इ. स. २००२ मध्ये न्येएंगातू, तुकानो आणि बानिवा ह्या भाषांना पोर्तुगीजच्या जोडीस अधिकृत दर्जा दिला. ह्यातील न्येएंगातू म्हणजे आमाझॉनमध्ये उरलेली लिंग्वा जेरालच होय. इ. स. २०२३ मध्ये देशाच्या संविधानाचे तिच्यात भाषांतर प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी आमाझोनास राज्याने १६ मूलवासी भाषांना सहअधिकृत मानले.

सारांश, ब्राझीलमध्ये सीमा आधी आल्या आणि एकभाषिकता त्यांच्या आत नंतर, राज्यसत्तेच्या बळावर आणली गेली. राज्यांची तूपी नावे ही त्या देशाच्या बहुभाषिकतेची पूर्ण साक्ष नव्हे. ती एका विजयी व्यवहारभाषेची साक्ष आहे, आणि तिच्याखाली कायापोंच्यासारख्या किती भाषांची नावे गडप झाली, ते त्या नावांतून कळत नाही. म्हणून नकाशावरील नाव वाचताना ते कोणत्या भाषेतील आहे हे विचारून थांबू नये. ते कोणी, कोणासाठी आणि कोणाचे नाव बाजूस सारून लिहिले, हेही विचारले पाहिजे.