तक्षशिलेची नाणी आणि कोसंबींचा तराजू: ‘सार्थक फरक’ म्हणजे नेमके काय?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, बांगडे टोपल्यांत भरले जातात. एकाच रापणीच्या दोन टोपल्यांतून दहा-दहा बांगडे काढून तोलले, तरी दोन्ही सरासऱ्या तंतोतंत जुळत नाहीत. मग अंतर किती पडले म्हणजे मासळी दोन वेगळ्या रापणींची आहे असे म्हणावे? हाच प्रश्न एका गणितज्ञाने दोन हजारांहून अधिक वर्षे जुन्या चांदीच्या नाण्यांना विचारला.

सिंधुदुर्गातून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म तिथला, १९०७ सालचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना ते संख्याशास्त्राकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी हाती घेतलेली सामग्री होती आहत नाणी.

तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यात अलेक्झांडर आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप यांचीही नाणी होती, म्हणजे साठा पुरला गेला तो इ.स.पू. ३२३ नंतर. आहत नाण्यांवर मात्र ना राजाचे नाव, ना वर्ष. दर्शनी बाजूला सूर्य, चक्र अशी चिन्हे आणि मागे बारीक ठसे. यातले आधीचे कोणते, नंतरचे कोणते?

कोसंबींचा तर्क साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, आणि सारी नाणी सारखी झिजत नसल्याने वजनांतील तफावतही वाढत जाते. हे पडताळण्यासाठी त्यांनी स्वतःच्या काळातील चलनी नाणी हजारोंनी तोलली. त्यांच्यावर वर्ष छापलेले असते, त्यामुळे झीज आणि काळ यांचे नाते थेट दिसते. (इतिहासाच्या अभ्यासात असा कंटाळवाणा उद्योग फार थोडे जण करतात.) मग त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागचे ठसे मोजले. हे ठसे वेळोवेळीच्या तपासणीत उमटवलेले असतील, तर जास्त ठशांचे नाणे हलके असायला हवे.

चाचणीची सुरुवात मात्र उलटीकडून होते. ठसे आणि वजन यांचा काहीही संबंध नाही, असे आधी मानायचे. यालाच ‘शून्य गृहीतक’ म्हणतात. ते खरे असते, तर दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने कितीदा पडला असता? त्याचे उत्तर म्हणजे ‘पी-मूल्य’. दोन सरासऱ्यांसाठी टी-चाचणी आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडली. दोनांहून अधिक गटांसाठी फिशर यांचे प्रसरण विश्लेषण, आणि वजनांऐवजी नुसत्या संख्या मोजायच्या असतील तर पिअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग चाचणी. पी-मूल्य ५ टक्क्यांहून कमी आले की फरक ‘सार्थक’ मानण्याचा प्रघात फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथाने रूढ केला. ही रेषा सोयीची आहे, निसर्गनियम नव्हे.

कोसंबींना आढळले की ठसे वाढतात तसे सरासरी वजन उतरते, आणि ही उतरण योगायोगाच्या खाती टाकण्याजोगी नाही. त्यातून नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावण्याची वाट खुली झाली.

पण वाचताना घसरायला होते ते इथेच. पी-मूल्य १ टक्का आले म्हणजे आपला तर्क ९९ टक्के खरा ठरला, असा अर्थ होत नाही. संबंध नसताही असा फरक शंभरात एकदा दिसला असता, एवढेच ते सांगते. उलट, फरक सार्थक नाही म्हणजे दोन्ही गट सारखे, असेही नव्हे; कदाचित हाती पाचच नाणी असतील. आणि वीस जोड्या तपासल्या, तर फरक मुळीच नसतानाही एखादी जोडी ‘सार्थक’ दिसणे स्वाभाविक आहे.

त्याहून मोठी मर्यादा अर्थाची. वजन ठशांबरोबर उतरते, हे चाचणी सांगते. ठसे कोणी मारले, हे सांगत नाही. ते तपासणीचे ठसे होते, हा कोसंबींचा ऐतिहासिक तर्क आहे. टांकसाळीनेच पुढे हलकी नाणी पाडली असती, तरी आकडे बरेचसे असेच दिसले असते. शिवाय मातीतील गंज आणि नंतरची साफसफाई यांनीही वजन घटते. कोसंबींच्या पद्धतीवर नाणकशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले.

म्हणूनच एका साठ्यातील नाण्यांची आपसांतील तुलना अधिक भरवशाची: ती एकाच मातीत, तितकीच वर्षे पडून होती. तक्षशिलेचे नाणे आणि पैठणचे नाणे शेजारी ठेवून तोलायचे असेल, तर दोन्ही मातींचा हिशेब आधी द्यावा लागतो.