गांधीजींच्या मागून

संस्थेचा कर्ता पुरुष गेल्यावर तिने चालावे कसे, हा प्रश्न वर्ध्यास दोनदा पडला. जानेवारी १९४२ मध्ये येथील काँग्रेस महासमितीच्या बैठकीत राजाजी नव्हे, तर जवाहरलाल आपले वारस, असे गांधीजींनी सांगून टाकले. राजकारणाची सोय झाली. चरखा, ग्रामोद्योग, नई तालीम यांची नव्हे. रचनात्मक कार्यकर्त्यांच्या सभेस १९४८ च्या फेब्रुवारीत ते सेवाग्रामास यावयाचे होते. ३० जानेवारीस त्यांची हत्या झाली. सभा मार्चमध्ये भरली. नेहरू, राजेंद्रबाबू आले. वारस कोणी नेमला नाही. सर्वोदय समाज तेवढा स्थापिला, तोही सैल बांधणीचा. घट्ट संघटना विनोबांनाच नको होती, आणि आम्हांस त्यांचे म्हणणे रास्त वाटते. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस भूदान सुरू झाले, तेव्हा लोकांनी वारस मानले ते मात्र त्यांनाच.