काचेच्या पेटीतला समुद्र



पनवेलच्या बाजारात रंगीत माशांच्या दुकानापुढून जाताना मुलं पाय रोवून उभी राहतात. तिथले गप्पी, गोल्डफिश गोड्या पाण्यातले. पण काही हौशी माणसं घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात आणि तिच्यात रॅस जातीचे मासे सोडतात. निळे, हिरवे, पिवळे, जणू पैठणीचे काठच! आज या टाकीची गोष्ट सांगते. ती सुरू होते एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून.

झान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रान्सच्या खेड्यातल्या चांभाराची लेक. पॅरिसमध्ये शिवण-भरतकाम करून तिनं नाव कमावलं. लग्न होऊन इटलीतल्या सिसिली बेटावर गेली. तिथे समुद्रात शंखासारख्या कवचात राहणारा एक जीव असतो. हे कवच तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचं बळकावतो, यावर विद्वानांचा वाद होता. झानने १८३२ साली काचेची टाकी करून घेतली आणि रोज निरखून पाहिलं. मादी आपलं घर आपणच बांधते, हे तिनं सिद्ध केलं.

पुढे १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी समुद्रातली जिवंत पोवळी लंडनला घरी आणली. तेव्हा हवेचा पंप कुठला? पाणी ताजं राहावं म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. पोवळी जगली ती तिच्या हातांमुळे. बाईंचं नाव इतिहासात राहिलं, त्या पोरीचं नाही.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय आलं ते १९५१ मध्ये. आपल्यातल्या काही जणींनी ते शाळेच्या सहलीत पाहिलंही असेल.

आता रॅसकडे येऊ. त्यातला एक लहानसा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे गोचिडासारखे किडे वेचून खातो. त्याच्या कळपात एक नर आणि बाकी माद्या. नर मेला की सगळ्यांत मोठी मादी दोन-तीन तासांत कारभार हाती घेते आणि दोन-तीन आठवड्यांत स्वतःच नर होते! हे १९७२ साली ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासातून जगापुढे आलं.

असा मासा घरच्या टाकीत आणला, तर किडे वेचायला पुरेसे मासे तिथे नसतात. तो पुष्कळदा उपाशी मरतो. काही रॅस रात्री वाळूत शिरून झोपतात, त्यांना तळाशी वाळू लागते. झाकण नसेल तर उडी मारून फरशीवर पडतात. शिवाय बाजारातले बहुतेक रॅस पैदास केलेले नसतात, थेट समुद्रातून पकडलेले असतात. टाकीत पोवळी हवीत म्हणाल, तर आपल्या मालवणच्या किनाऱ्यालाही ती आहेत. पण २००१ पासून त्यांना वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. ती तोडणं, विकणं गुन्हा आहे.

म्हणून बचत गटात रंगीत माशांच्या धंद्याचा विषय निघाला, तर नफ्याआधी एक प्रश्न विचारा : हा मासा पैदास केलेला की समुद्रातून उचललेला? गप्पी, मोली घरच्या हौदातही वाढतात. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशात होते. रॅस मात्र समुद्रातच शोभतो. तिथे त्याचा कळप आहे, आणि कारभार हाती घ्यायला एक मोठी मादी तयार आहे.