लंडन किती लांब?

परवा संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या नातवाला मुंबईच्या गाडीत बसवायला गेलो होतो. पोरगं शिकायला लंडनला निघालं. बॅगा चढवताना काकूंनी विचारलं, "पेपरवाल्या, लंडन किती लांब हाय रे?" म्हणालो, "मुंबईहून ७,२०० किलोमीटर." काकू म्हणाल्या, "ते मला काय कळतंय? काही झालं तर लेकरू किती वेळात येईल, ते सांग."

मित्रहो, प्रश्न अगदी बरोबर होता. अंतर तेच राहतं, वेळ मात्र बदलत आलीय.

पूर्वी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची, त्यात महिने जायचे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि पुढे बोटीचा प्रवास साधारण तीन आठवड्यांवर आला. घरून वाईट बातमी गेली तरी माणूस अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं.

मग ८ जून १९४८ उजाडला. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे. लागले साधारण २४ तास. तीन आठवड्यांचा प्रवास एका दिवसावर आला! १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट आलं आणि वेग जवळपास दुप्पट झाला.

आज न थांबता जाताना दहाएक तास लागतात. येताना वारा पाठीमागून असतो, म्हणून तासभर कमी. पण आकाशालाही सरहद्द असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. शहरं जागच्या जागी राहिली, प्रवास लांबला.

आता आपल्या उदगीरचा हिशोब मांडा. मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या गाडीने बारा तास. म्हणजे ७,२०० किलोमीटरला दहा तास आणि साडेपाचशेला बारा! विमानतळावरचे तीन-चार तास धरले, तर उदगीर ते लंडन आजही दिवसापेक्षा जास्त लागतो. १९४८ मध्ये मुंबईकर जेवढ्या वेळात लंडनला पोचत होता, तेवढ्यात आपण आज, ७५ वर्षांनंतरही, पोचत नाही.

काकूंना मी "एका दिवसात येईल" असं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरा आकडा सांगायचा धीर झाला नाही.

पुढच्या वेळी कुणी पुढारी स्टेजवरून रस्त्यांचे किलोमीटर मोजायला लागला, तर त्याला काकूंचाच प्रश्न विचारा. साहेब, किलोमीटर राहू द्या. आमचं लेकरू घरी किती वेळात पोचेल, ते सांगा.