कत्तलपूर्व बेशुद्धी : कायद्याचा युरोपीय प्रवास आणि भारतीय अपवाद

प्रस्तावना

मांसासाठी जनावर मारताना त्याच्या मानेवर सुरी चालविण्यापूर्वी त्याला बेशुद्ध करावे, हा नियम आज बहुतेक औद्योगिक देशांच्या कायद्यांत आढळतो. इंग्रजीत ज्याला ‘स्टनिंग’ म्हणतात ती ही क्रिया होय. येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. बेशुद्ध करणे म्हणजे मारणे नव्हे. मेंदूवर आघात करून, मेंदूतून विद्युतप्रवाह सोडून किंवा विशिष्ट वायूच्या साहाय्याने जनावराची संवेदना घालविली जाते आणि त्यानंतर रक्तस्रावाने त्याचा मृत्यू घडवून आणला जातो. या दोन क्रियांमधील अंतर काही सेकंदांचेच असते. परंतु त्या सेकंदांवरून गेली सव्वाशेहून अधिक वर्षे संसदा, न्यायालये, धर्मगुरू आणि खाटीक यांच्यात वाद चालू आहे.

या विषयाचा विचार आपल्याकडे मुख्यतः पशुवैद्यक आणि मांसतंत्रज्ञान या शाखांत होतो. त्याची ऐतिहासिक बाजू उपेक्षित राहिली आहे. प्रस्तुत लेखात ब्रिटन, स्वित्झर्लंड व जर्मनी येथील कायद्यांच्या जडणघडणीशी भारतीय कायद्याची तुलना केली आहे. युरोपात आधी बेशुद्धीची सक्ती आली आणि तिला धार्मिक सूट द्यावी की नाही, हा प्रश्न तिच्या पाठोपाठ आला. भारतात हा क्रम उलटा आहे. येथे सूट आधी आली, आणि जिच्यापासून सूट द्यायची ती सक्ती एक शतकाहून अधिक काळ आलीच नाही. क्रमातील हा फरक वरवर तांत्रिक वाटला तरी आपल्या कत्तलखान्यांची आजची स्थिती त्यावाचून नीट उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कुऱ्हाडीपासून पिस्तुलापर्यंत

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कत्तलखान्यात बैल पाडण्याचे साधन म्हणजे लांब दांड्याची, एका बाजूस पोकळ टोक असलेली कुऱ्हाड. जनावराच्या मानेभोवती किंवा शिंगांना दोर बांधून तो जमिनीतील कडीतून ओवून घेत, डोके खाली खेचत आणि कपाळावर घाव घालीत. घावाने पडलेल्या छिद्रातून वेताची काडी आत सारून मेंदू व मज्जारज्जू निकामी करण्याची पद्धतही होती. निष्णात खाटकाच्या हातून हे काम एका घावात होई. शिकाऊ हाताला दोन, तीन, कधी त्याहून अधिक घाव घालावे लागत. म्हणजे बेशुद्ध करण्याची कल्पना नवी नव्हती. तिचे यश मात्र सर्वस्वी माणसाच्या मनगटावर अवलंबून होते. शिवाय ही पद्धत प्रामुख्याने गुरांसाठी होती. मेंढ्यांच्या वाट्याला बहुधा थेट सुरीच येई, आणि डुकरांची स्थिती फारशी निराळी नव्हती.

ब्रिटनमध्ये गुराढोरांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा कायदा १८२२ मध्ये झाला आणि १८२४ मध्ये प्राणिक्रौर्यप्रतिबंधक संस्था स्थापन झाली. तथापि, या चळवळीचे लक्ष दीर्घकाळ रस्त्यावर होते; हाकलली जाणारी गुरे आणि मारहाण होणारे घोडे लोकांना दिसत होते. कत्तलखान्याच्या भिंतीआड काय चालते, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या वाटेने पुढे आला. वैद्यकातून आलेले बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन हे या वाटेचे एक प्रमुख पथिक. भूल देण्याच्या द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या या डॉक्टरांना, जी सोय रुग्णाला मिळते ती जनावराला का मिळू नये, असा प्रश्न पडला. १८८२ मध्ये आदर्श कत्तलखान्यांसाठी लंडनमध्ये जी संस्था स्थापन झाली तिच्याशी ते निगडित होते. त्यांच्या काळातील खासगी, अंधाऱ्या आणि तपासणीच्या कक्षेबाहेरच्या कत्तलखान्यांवर सार्वजनिक कत्तलखाना हाच उपाय आहे, असे या सुधारकांचे म्हणणे होते.

सरकारी पातळीवर पहिले ठोस पाऊल पडले ते नौदलाकडून. नौदल हा मांसाचा मोठा ग्राहक होता, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्यातील आश्चर्य कमी होते. नौदल खात्याने नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला. रक्त काढण्यापूर्वी प्रत्येक जनावर, कोणताही अपवाद न करता, बेशुद्ध केले जावे, अशी तिची शिफारस होती. एका जनावराची कत्तल दुसऱ्याच्या नजरेसमोर होऊ नये, हाही मुद्दा तिने मांडला. हा मुद्दा जवळजवळ शंभर वर्षांनी भारतीय नियमांत येतो.

शिफारस झाली तरी मनगटाचा प्रश्न शिल्लक होताच. तो यंत्राने सोडविला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील श्ट्राउबिंग येथील कत्तलखान्याचे संचालक ह्यूगो हाइस यांनी ‘कॅप्टिव्ह बोल्ट’ पिस्तूल तयार केले. यात गोळी सुटत नाही. काडतुसाच्या दाबाने एक पोलादी दांडा क्षणार्धात पुढे येतो, कवटीवर आघात करतो आणि पुन्हा नळीत परततो. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम येथे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा पिस्तुलांचे उत्पादन सुरू झाले. आता शिकाऊ खाटीकही योग्य जागी नळी टेकवून एका दाबात बैल बेशुद्ध करू शकत होता. खाटीक वर्गाचा विरोध मात्र लगेच मावळला नाही. रक्त पुरते निघणार नाही, मांस लवकर नासेल, हत्यार धोकादायक आहे, अशा त्यांच्या हरकती होत्या. त्यांची खिल्ली उडविण्याचे कारण नाही. ज्याची उपजीविका मांसाच्या रंगावर ठरते त्याला ही शंका येणारच. तिचे निरसन नैतिक आवाहनाने झाले नाही, प्रात्यक्षिकांनी झाले.

१८९३ : स्वित्झर्लंडमधील मतदान

बेशुद्धीच्या सक्तीला करुणेखेरीज आणखी एक जन्मदाता आहे, आणि तो इतिहासाने लपवू नये. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांच्या पुढाकाराने घटनेत दुरुस्ती सुचविण्याची तरतूद १८९१ मध्ये झाली. तिच्या आधारे पहिलेच मतदान २० ऑगस्ट १८९३ रोजी झाले आणि त्याचा विषय हाच होता : पूर्वबेशुद्धीशिवाय रक्त काढून जनावर मारण्यास बंदी. सुमारे ६० टक्के मते बंदीच्या बाजूने पडली. प्राणिमित्र संस्था या मोहिमेत होत्याच. पण त्यांच्यासोबत उघड ज्यूद्वेषही होता. ज्यू धर्माच्या ‘शेखिता’ पद्धतीत जनावर सुरी चालविण्याच्या क्षणी अक्षत व सजीव असावे लागते. त्यामुळे बंदीचा भार प्रत्यक्षात एकाच समाजावर पडला. स्विस ज्यूंना वास्तव्याचे स्वातंत्र्य १८६६ मध्ये मिळाले होते. सत्तावीस वर्षांनी त्यांच्या स्वयंपाकघरातील मांस घटनाबाह्य ठरले.

त्याच महिन्यात, ११ ऑगस्ट १८९३ रोजी, मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. तिच्या पार्श्वभूमीवर गोरक्षण चळवळीभोवतीचा तणाव होता. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवल्यास एक गोष्ट ध्यानात येते. युरोपातील संघर्ष जनावर कसे मारावे यावर उभा राहिला. आपल्याकडचा, कोणते जनावर मारू नये यावर.

१९३३ : दोन कायदे

ब्रिटिश संसदेने इंग्लंड व वेल्ससाठी १९३३ मध्ये पशुवधविषयक कायदा संमत केला. स्कॉटलंडमध्ये तसा कायदा १९२८ मध्येच झाला होता. गुरांना यांत्रिक साधनाने बेशुद्ध करणे आता बंधनकारक झाले. मेंढ्यांबाबतची तरतूद मात्र ढिली ठेवून ती स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडण्यात आली. ज्यू व मुस्लिम समाजांना त्यांच्या अन्नासाठी त्यांच्या पद्धतीने कत्तल करण्याची मुभा देण्यात आली. नौदल समितीने १९०४ मध्ये ‘अपवाद नको’ म्हटले होते. संसदेने अपवाद ठेवून कायदा केला.

त्याच वर्षी, २१ एप्रिल १९३३ रोजी, हिटलरच्या सरकारने जर्मनीत पूर्वबेशुद्धीची सक्ती करणारा कायदा काढला. त्यात ज्यूंना सूट नव्हती. ती नाकारणे हाच त्याचा गाभा होता. दोन्ही कायद्यांत बेशुद्धीचे तंत्र जवळपास सारखेच आहे. शरीरविज्ञानाच्या कसोटीवर त्यांत भेद दाखविता येणार नाही. भेद आहे तो अपवादाच्या कलमात. म्हणूनच या विषयातील अपवादाकडे केवळ ‘मागासलेपणाला दिलेली सवलत’ म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. उलटपक्षी, अपवाद आहे म्हणून जनावराच्या वेदनेचा प्रश्न मिटतो, असेही म्हणता येत नाही. हा ताण अद्याप कायम आहे. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताने घातलेली बंदी युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये वैध ठरविली. न्यूझीलंडने दुसरी वाट धरली. तेथे केवळ डोक्यातून विद्युतप्रवाह देऊन, जनावर पुन्हा शुद्धीवर येऊ शकेल अशा रीतीने, त्याला बेशुद्ध करतात आणि मग हलाल पद्धतीने कापतात. सुरीच्या वेळी जनावर जिवंत असते ही धर्माची अट पाळली जाते, आणि त्याला संवेदना नसते ही कायद्याचीही.

भारत : सक्तीविना सूट

ब्रिटिश संसदेच्या १९३३ मधील अपवादाच्या त्रेचाळीस वर्षे आधी, १८९० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्यात भारतातील शासनाने कलम ११ घातले. कोणत्याही वंश, पंथ, जमात वा वर्गाच्या धर्माला किंवा धार्मिक रूढीला आवश्यक असलेल्या रीतीने जनावर मारणे या कायद्याखाली गुन्हा ठरणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्या वेळी बेशुद्धीची सक्ती ब्रिटनमध्येही नव्हती. म्हणजे हे कलम विशिष्ट तंत्रापासून सूट देत नव्हते. राज्यकर्त्यांना धर्माच्या क्षेत्रात पाऊल टाकायचे नव्हते आणि कलम त्या धोरणाचे होते. १८५७ नंतरच्या शासनाची ही सावधगिरी परिचित आहे.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले. पंतप्रधान नेहरूंनी सरकारी विधेयकाचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा प्राणिक्रौर्यप्रतिबंधक अधिनियम आकाराला आला. १८९० चे कलम ११ येथे थोड्याफार फरकाने कलम २८ झाले. मधल्या सत्तर वर्षांत पिस्तूल आले, विजेची चिमटे आली, ब्रिटनचा कायदा झाला. कलम मात्र तेच राहिले.

याचे कारण सभागृहांच्या उदासीनतेत शोधण्यापेक्षा वादाच्या दिशेत शोधावे लागेल. १९५८ हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत मानवीय पशुवधाचा कायदा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात निकाल दिला. त्यात विचार होता गोवंशाच्या वधबंदीच्या घटनात्मकतेचा. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याचा आणि त्यातील २०१५ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीचा रोखही तोच. जे जनावर कायद्याने वाचते त्याच्याबद्दल आपण विपुल लिहिले. जे कायदेशीरपणे मरते त्या शेळी-मेंढी, म्हैस-रेड्याच्या अखेरच्या मिनिटाबद्दल आपल्या विधिमंडळांत क्वचितच बोलले गेले. वांद्र्याचा जुना कत्तलखाना जाऊन १९७१ मध्ये देवनारचा आधुनिक कत्तलखाना उभा राहिला, तेव्हाही मुंबईच्या सार्वजनिक चर्चेत स्वच्छता आणि दुर्गंधी यांनाच अग्रक्रम होता.

बेशुद्धीचा स्पष्ट उल्लेख केंद्रीय नियमांत आला तो २००१ च्या कत्तलखाना नियमांत. हे नियम वाचण्यासारखे आहेत. एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ हून अधिक जनावरे तपासू नयेत, असा नेमका आकडा त्यांत आहे. एका जनावराची कत्तल दुसऱ्याच्या नजरेसमोर करू नये, हेही निःसंदिग्ध आहे. बेशुद्धीबाबत मात्र भाषा बदलते : प्रत्येक कत्तलखान्याने ‘शक्य तितक्या लवकर’ त्यासाठी स्वतंत्र जागा उपलब्ध करावी. म्हणजे कायद्याने आधी खोली मागितली. त्या खोलीत जनावर आणलेच पाहिजे, असे त्या कलमात म्हटलेले नाही, आणि जनावर पाडण्याच्या जागेची रचना धार्मिक पद्धतीच्या कत्तलीस सोयीची असावी, असेही हेच नियम सांगतात. अन्नसुरक्षा व मानके विनियमांत २०११ मध्ये कार्बन डायऑक्साइड, यांत्रिक आघात व विद्युतप्रवाह या तिन्ही पद्धतींचा निर्देश झाला. तो परवान्याच्या अटींच्या परिशिष्टात आहे. मूळ अधिनियमातील कलम २८ त्याच्या वर, जसेच्या तसे, उभे आहे.